घोरणें आणि हवेचें यंत्र

एखादा मनुष्य घोरूं लागला म्हणजे त्याला गाढ झोप लागली, असें समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. बोरी अरबसारख्या गांवीं उन्हाळ्यांत अंगणांत बाजा पडतात आणि कोणाच्या घरीं कोण घोरतो हें साऱ्या आळीला ठाऊक असतें. परंतु तें घोरणें मधेंच थांबतें, कांहीं क्षण अगदीं निःशब्द जातात, आणि मग आचका देऊन तें पुन्हां सुरू होतें, याकडे लक्ष जातें तें बहुधा शेजारीं जाग्या असलेल्या गृहिणीचेंच. खरा विकार त्या निःशब्द क्षणांत आहे.

निद्रेंत घशाचे स्नायू शिथिल होतात. ज्यांचा घसा मुळांतच अरुंद, मानेभोवतीं मेद सांचलेला किंवा खालचा जबडा मागें असतो, त्यांची जीभ व मृदु तालु मागें सरून हवेची वाट बुजते. छाती हालत राहते, पण हवा आंत शिरत नाहीं. रक्तांतील प्राणवायु उणा होतो, मेंदू सावध होतो, मनुष्य अर्धवट जागा होऊन श्वास घेतो. आणि सकाळीं त्याला यांतलें कांहींच आठवत नाहीं! उरते ती डोकेदुखी आणि दिवसाची पेंग. रक्तदाबही वाढतो. आपल्याकडे या पेंगेला निमित्त आयतेंच असतें: रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं जागल केली, मग डुलकी येणारच. पण जागल संपून चार रात्री घरीं निजल्यावरही मोटारसायकलवर डोळा लागत असेल, तर तो दोष जागलीचा नव्हे.

हा विकार विरळा आहे असेंही नाहीं. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईतील ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत शेंकडा १९.५ जणांचा श्वास निद्रेंत अडखळत असल्याचें, व शेंकडा ७.५ जणांना त्याबरोबर दिवसाची पेंगही असल्याचें अनुमान निघालें. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ सालीं निवर्तले, तेव्हां डॉक्टरांनीं कारण म्हणून याच विकाराचें नांव सांगितलें.

परीक्षा एका रात्रीची असते. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर व छातीवर तारा चिकटवितात, छाती-पोटाला पट्टे बांधतात, नाकाशीं बारीक नळी व बोटाला प्राणवायु मोजणारा चिमटा लावतात. सुई कोठेंच नाहीं. एवढ्या जंजाळांत झोप कशी यावी, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. परंतु कांहीं तासांची निद्राही बहुधा पुरते. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला वा फार मंदावला, कीं एक नोंद होते. तासाला अशा पांचांहून कमी नोंदी प्रौढांत साधारण मानतात. तिसांवर गेल्या कीं विकार तीव्र.

उपायाचें यंत्र ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं जगापुढें मांडलें. त्याला सीपॅप म्हणतात. पुष्कळांना वाटतें तसें तें प्राणवायूचें नळकांडें नव्हे. खोलींतलीच हवा तें मास्कमधून दाबानें सोडतें. हवा भरतांच सायकलची चपटी ट्यूब उघडते, तसा घसा उघडा राहतो. मात्र यंत्र लावलें त्याच रात्रीपुरता हा गुण.

पहिल्या रात्री जड जातात. गुदमरल्यासारखें वाटतें, हवा डोळ्यांवर येते, नाक कोरडें पडतें. म्हणून आधीं दिवसा, जागेपणीं, वाचतांना-ऐकतांना मास्क लावून बसावें. पट्टे करकचून आवळूं नयेत. हवा फार गळत असेल तर मास्कचें माप बदलावें. दाढी राखणाऱ्यांना गळती अधिक छळते. दाब हळूहळू चढविण्याची व हवा ओलसर करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तिच्यांत ऊर्ध्वपातित पाणी घालावें आणि तें रोज बदलावें. कापसाच्या हंगामांत धूळ फार, तेव्हां हवेची गाळणी वरचेवर पाहावी. वीज जाणाऱ्या गांवीं इन्व्हर्टर हवा, आणि यंत्र बंद पडतांच मास्क काढावा, हें घरच्यांनाही सांगून ठेवावें.

वजन उतरविणें, कुशीवर निजणें व रात्रीचें मद्य वर्ज्य करणें यांनीं कित्येकांचा त्रास कमी होतो. यंत्र किती तास चाललें याची नोंद बहुधा त्यांतच राहते. ती घेऊन डॉक्टरांकडे जावें. दाब आपल्या मनानें बदलूं नये.