बारा-दोन

वाल्ह्याच्या तळावर पहाटे साडेतीन वाजता एका टेम्पोचा सेल्फ लागत नव्हता. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रभर भुरभुर चालली होती आणि रानातली माती लोण्यासारखी झाली होती. किल्ली फिरवली की आतून नुसतं टक् टक् व्हायचं आणि डॅशबोर्डवरचा दिवा मावळायचा. तीस-चाळीस वारकरी 'पुंडलिक वरदा'च्या गजरात टेम्पो ढकलू लागले, पण चिखलात चाकं फिरण्याऐवजी घसरत होती. चालक स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. दुसऱ्या गाडीवरून वायर टाकून टेम्पो चालू झाला तोवर उजाडलं होतं. त्या दिवशी दिंडीच्या राहुट्या लोणंदला उशिरा पोचल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या बाया डोक्यावर इरलं घेऊन रस्त्याकडेला पावसात बसून राहिल्या.

त्या माणसाचे स्टिअरिंगवरचे हात माझ्या डोक्यातून गेले नाहीत. म्हणून यंदा माउलींच्या पालखीत मी पायी चालणाऱ्यांबरोबर न राहता सासवडपासून फलटणपर्यंत त्याच दिंडीच्या टेम्पोबरोबर राहिलो. टेम्पो तोच, 407. चालकही तेच, सगळी दिंडी त्यांना मामा म्हणते. नवीन होतं ते टपावर. लोखंडी अँगलवर नटबोल्टनं आवळलेलं १५० वॅटचं सोलर पॅनेल, त्यातून केबिनमध्ये उतरलेल्या दोन जाड वायरी आणि सीटमागे वहीएवढा कंट्रोलर.

"बारा-दोन," मामा पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. "एवढं एकच ध्यानात ठेवा. बारा-दोनच्या खाली गेली की गाडी आपली नाही."

बारा-दोन म्हणजे १२.२ व्होल्ट. गाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घरं असतात आणि भरलेलं प्रत्येक घर दोन व्होल्टच्या किंचित वर असतं. विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ ला ती अर्धी उतरलेली असते, आणि ११.८ च्या आसपास रिकामीच. आकड्यांत जेमतेम एका व्होल्टचा फरक, पण त्यातच सगळी रात्र असते.

गाडी रोज चालते, मग बॅटरी उतरते का, असं मला वाटायचं. सासवडला उलगडलं. दिंडीच्या गाडीचा दिवस विचित्र असतो. पहाटे सामान भरायचं, दहा-वीस किलोमीटर जायचं आणि पुढच्या तळावर थांबायचं. लोणंद ते तरडगाव तर दहा किलोमीटरही भरत नाहीत. इंजिन तासभर चालतं, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मामा ज्याला अजून डायनॅमो म्हणतात तो अल्टरनेटर तेवढ्या वेळात बॅटरीला घाईघाईनं काहीतरी देतो, पण शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभाव असा, की ती पाऊणएक भरली की पुढचं अगदी सावकाश घेते. शेवटचा हिस्सा भरायला कितीतरी तास लागतात. तो कधी भरतच नाही. वर संध्याकाळी राहुट्यांतले दिवे, कीर्तनाचा छोटा ॲम्प्लिफायर आणि फोन. अशी अर्धपोटी बॅटरी अठरा-वीस दिवस राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. ते घट्ट झाले की सुटत नाहीत, आणि पंढरपूरहून परतलेली बॅटरी दिवाळी पाहत नाही.

मुळात ही बॅटरी अशा कामाची नव्हेच. सेल्फ मारताना इंजिनाला दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर लागतात. त्यासाठी आत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. रात्रभर थोडं थोडं देत राहायचं काम जाड पट्ट्यांच्या ट्युब्युलर बॅटरीचं. दुकानदारानं मामांना वेगळी बॅटरी ठेवायला सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण टेम्पोत पिठाची पोती, सिलेंडर, पातेली, राहुट्यांचे बांबू आणि दीडशे वळकट्या. बॅटरीच्या पैशांत भिशीचं दोन दिवसांचं जेवण निघतं, असं दिंडीच्या मालकांनी सांगितलं. म्हणून एकाच बॅटरीवर सगळं.

पॅनेलचं खरं काम मला इथे कळलं. ते बॅटरीला पोटभर जेवू घालत नाही. डायनॅमो जिथे सोडतो तिथून पुढे ते दिवसभर घोट घोट पाजत राहतं. गाडी तळावर लागली की सकाळी नवापासून संध्याकाळी पाचपर्यंत टपावर आभाळ उघडं, आणि बॅटरीला नेमकं तेच हवं असतं, थोडं आणि सावकाश. ढगाळ दिवसालाही त्यामुळे अर्थ उरतो.

ढगाळ म्हणजे किती, हे मी कंट्रोलरच्या काचेवर पाहत बसायचो. स्वच्छ दुपारी साडेसात-आठ अँपिअर. पांढऱ्या ढगात तीन. काळं आभाळ आलं की दीड. पाऊस लागला की अर्धा. जेजुरीला दिवसभरात दीडच्या वर काटा गेला नाही. आठ तास उघड्यावर राहून पदरात आले दहा-बारा अँपिअर-अवर. नुसते राहुट्यांचे सहा दिवे चार तास लावले तरी चौदा जातात.

सासवडला दुपारी ऊन पडलं तेव्हा एक गंमत दिसली. मामांनी पॅनेल सपाट का बसवलंय, दक्षिणेकडे उतार का दिला नाही, असं मी विचारलं. घरांवरची पॅनेलं तशीच असतात. ते खाली उतरले आणि म्हणाले, "तुमची सावली बघा." बरोबर माध्यान्ही माझी सावली पायांशी होती आणि किंचित दक्षिणेला झुकलेली. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत या भागात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. आषाढी नेमकी त्याच दिवसांत येते. दक्षिणेकडे कललेलं पॅनेल वारीत उन्हाकडे पाठ फिरवून बसलं असतं. मामांना ही भूगोलातली माहिती कुणी दिली नव्हती. "दोन दिवस टपावर जाऊन बघितलं," एवढंच ते म्हणाले.

त्यांचं सगळंच असं बघून आलेलं आहे. सुरुवातीला पातळ वायर लावली होती. पॅनेलपाशी निघालेला दाब बॅटरीपर्यंत पोचता पोचता वायरीतच जिरत होता. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरली की सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलिन लावायचं. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. आणि पॅनेलवर कपडे वाळत घालू द्यायचे नाहीत. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज चढला. वारीत कपडे वाळवायला जागा नसते, आणि काळं, गरम, सपाट पॅनेल पाहिलं की कुणालाही मोह होतो. सासवडला एका बाईंनी पॅनेलच्या एका टोकाला लुगड्याचा पदर टाकला. काचेवरचा सात अँपिअरचा आकडा क्षणात अडीचवर आला. पॅनेलमधले तुकडे एकापाठी एक साखळीनं जोडलेले असतात, एक झाकला की त्याच्या मागचेही अडतात. मामा टपावर चढले, लुगडं हलक्या हातानं उचललं, झटकून घडी केली आणि खाली देताना म्हणाले, "माउली, गाडी उपाशी ठेवलीत."

शेजारच्या दिंडीचा ट्रक २४ व्होल्टचा. दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या. त्यांच्या पोरांनी दिव्यांसाठी १२ व्होल्ट हवे म्हणून एकाच बॅटरीवरून वायर काढली होती. दोघींना चार्जिंग एकत्र मिळतं, खर्च मात्र एकीचाच. उतरलेली कधी भरत नाही, भरलेली उकळत राहते. तो ट्रक जवळून गेला की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. मामांनी त्यांना दोनदा जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या पोरांनी ती वायर काढून टाकली.

आता फोनांचं सांगतो, कारण या आठवड्यात मला सगळ्यात जास्त त्यांनीच छळलं.

बॅटरी दिवे खातात असा माझा समज होता. तसं नाही. आजचा साधा फोन पूर्ण भरायचा तर वीसेक वॅट-अवर लागतात. वाटेतली गळती धरून चोवीस-पंचवीस. १०० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी वापरायची म्हटलं तर हातात सहाशे वॅट-अवर. म्हणजे पंचवीस फोन आणि बारा-दोन. दिंडीत माणसं दीडशे. गावोगावी लोक अंगणात बोर्ड काढून चार्जिंग देतात, मोठ्या दिंड्यांचे जनरेटर असतात, तरण्यांकडे पॉवर बँक असतात. तरी संध्याकाळी टेम्पोच्या दाराशी हात पुढे यायचेच.

जेजुरीच्या त्या काळ्या संध्याकाळी एक आजी आल्या. बटणांचा छोटा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. सून बाळंतपणाला आलेली, काय झालं ते कळायचं होतं. मामांनी मीटर पाहिलं. दिवे चालू असताना काटा खरं बोलत नाही म्हणून दिवे बंद करायला लावले, थोडं थांबले, पुन्हा पाहिलं. "नाही जमणार, आजी," ते म्हणाले. "सकाळी बघू."

मला राग आला. त्या एवढ्याशा फोनला तीन-चार वॅट-अवर पुरले असते. मी तसं म्हटलंही. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचा लावला की मागचे पंधरा कसे नाही म्हणू?" मग त्यांनी खिशातला स्वतःचा फोन काढून आजींना दिला. नंबर आजींना पाठ होता. त्या टेम्पोच्या पायरीवर बसून मोठ्यानं बोलल्या. मुलगी झाली होती. सगळ्या तळाला कळलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. टेम्पोखाली ओल्या घोंगड्यांचा, डिझेलचा आणि बॅटरीच्या आम्लाचा किंचित आंबूस वास मिसळून होता. तीनच्या सुमाराला केबिनचं दार करकरलं. मामा दातात छोटा टॉर्च धरून बॅटरीच्या पेटीपाशी वाकले होते. मीटरच्या दोन तारा टर्मिनलवर टेकवल्या. हीच वेळ खरी, असं त्यांनी मला सांगितलं होतं. दिवसभर ऊन खाल्लेल्या बॅटरीवर संध्याकाळी खोटा फुगवटा असतो. चार-पाच तास काही न देता, काही न घेता पडून राहिली की ती आपलं खरं सांगते. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. पाठ सरळ केली आणि डोळे मिटून एकदा हात जोडले. देवाला की बॅटरीला, मी विचारलं नाही.

"बारा-तीन," ते अंधारात म्हणाले. मी जागा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

कंट्रोलर स्वतःहून दिवे तोडतो, मग एवढं जागायचं कशाला, असं दिंडीतला एक इंजिनिअर मुलगा म्हणत होता. मामांच्या वतीनं मला त्याला उत्तर द्यायचं आहे. बहुतेक स्वस्त कंट्रोलर ११ व्होल्टच्या आसपास आल्यावर तोडतात. तोवर सेल्फ कधीच मेलेला असतो. ते यंत्र दिव्यांसाठी बनवलंय. पहाटे चारला चिखलातून दीडशे माणसांचं छप्पर पुढे न्यायचंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पॅनेल बसवलं की वीज फुकट झाली, असं समजून तीन मिक्सर जोडणारे लोकही मी याच तळांवर पाहिले, आणि त्यांच्या गाड्यांना धक्का मारणारेही. मामांकडे पॅनेल आलं तेव्हा त्यांनी दिवे वाढवले नाहीत. राहुटीतले दोन कमी केले.

वाल्ह्याला, त्याच रानात, टेम्पो पहिल्या सेल्फला सुरू झाला. मामांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. मीच उगाच बॉनेटवर हात ठेवला.

नीरा ओलांडली की आभाळ बदलतं. माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि सह्याद्रीचा ओलावा मागे राहतो. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, मग माळशिरस. सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. इथला शेतकरी आषाढात ढगांकडे डोळे लावून असतो आणि ते ढग न बरसता निघून जातात. त्याच्या कोरड्या वावराशेजारी उभं राहून कंट्रोलरवरचे आठ अँपिअर पाहताना आनंद होत होता आणि तो मोकळेपणानं घेता येत नव्हता. मामाही शेतकरीच, माजलगावकडचे. "ऊन पडलंय ते गाडीला चांगलं," असं म्हणून ते लगेच गप्प झाले.

लोणंदला पहाटे बारा-चार. तरडगावला बारा-पाच. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, सगळी दिंडी तिकडे. मामा तळावरच राहिले; धुळीनं पॅनेल मातकट झालं होतं आणि दुपारचे चार तास हातचे घालवायचे नव्हते. ओल्या फडक्यानं काच पुसता पुसता ते म्हणाले, अकरा वर्षं वारीत गाडी चालवतो, रिंगण एकदाच पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी आजींना हाक मारली. आजींच्या फोनला दिवसाउजेडीच गावात कुणीतरी चार्जिंग दिलं होतं. तरी त्यांनी तो पिशवीतून काढून दिला आणि मामांनी तो पंधरा मिनिटं लावून परत केला.

फलटणच्या पहाटे आकडा पाहून झाल्यावर त्यांनी डॅशबोर्डमधून भिशीच्या हिशेबाची वही काढली. पीठ, तेल, गूळ, सिलेंडर, आणि शेवटच्या पानावर गावांची नावं. सासवड १२.४. जेजुरी १२.३. वाल्हे १२.३. लोणंद १२.४. तरडगाव १२.५. त्यांनी फलटणपुढे १२.६ लिहिलं, खाली बरड हे नाव लिहून पुढची जागा मोकळी ठेवली, आणि सेल्फ मारला.