इंच तिरके, पान सरळ

डिसेंबर 2025 मध्ये सॅमसंगचा ‘गॅलॅक्सी झेड ट्रायफोल्ड’ कोरियात विक्रीला आला आणि ‘आता टॅब हवाच कशाला?’ या चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. दोन घड्या उलगडल्या की दहा इंची स्क्रीन, वजन 309 ग्रॅम, किंमत सुमारे 36 लाख वॉन, म्हणजे दोन लाख रुपयांच्याही वर. ज्यांना हे परवडत नाही, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, त्यांच्यापुढचा पेच मात्र जुनाच आहे. सात इंचांच्या आसपासचा दांडगा फोन घ्यावा, की फोन साधा ठेवून उरलेल्या पैशांत टॅब घ्यावा?

दुकानात या पेचाचा निकाल इंचांवर लावतात, आणि गोंधळ तिथेच होतो. स्क्रीनचे इंच मोजले जातात तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. आपण वाचतो ते मात्र आडव्या ओळींत. 2011 साली सॅमसंगचा पहिला ‘गॅलॅक्सी नोट’ आला तेव्हा त्याच्या 5.3 इंची स्क्रीनची यथेच्छ टिंगल झाली होती. हा फोन कानाला लावायचा की जेवायला घ्यायचा, असा एकूण सूर. आजचा ‘आयफोन 17 प्रो मॅक्स’ 6.9 इंची आहे. दीड इंचाहून जास्त वाढ! पण पट्टी लावून पाहिलं तर नोटच्या स्क्रीनची रुंदी होती 7.1 सेंटिमीटर आणि या आयफोनची आहे 7.3. एवढ्या वर्षांत रुंदी दोन मिलिमीटरने वाढली. बाकी सगळी वाढ उंचीची, साडेअकरा सेंटिमीटरवरून जवळपास सोळापर्यंत. मुठीत मावायचं तर फोनला रुंद होताच येत नाही, म्हणून तो ताडासारखा वाढत गेला.

रील पाहणाऱ्याला याचं काहीच दुःख नाही. उभा व्हिडिओ अशा स्क्रीनसाठीच काढलेला असतो. अडचण होते ती पीडीएफ उघडणाऱ्याची. आणि मराठी माणसाचं निम्मं कागदोपत्री आयुष्य आता पीडीएफमध्येच आहे: शासन निर्णय, सातबारा, बालभारतीची पुस्तकं, क्लासच्या नोट्स. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद असतो. तो 7.3 सेंटिमीटरांत बसवला की 12 पॉइंटचं अक्षर चार पॉइंटच्या आसपास येतं. रोमन लिपी तेवढ्यातही कशीबशी तग धरते. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. तिथे ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ ओळखणं हे अंदाजाचं काम होऊन बसतं. मग दोन बोटांनी पान मोठं करायचं, ओळीमागे ओळ डावी-उजवीकडे सरकवायची. असं एक परिपत्रक वाचून होतं, पण नववीचं भूगोलाचं पुस्तक नाही. साध्या ‘आयपॅड’ची स्क्रीन पावणेसोळा सेंटिमीटर रुंद आहे. तिथे तेच अक्षर नऊ पॉइंटचं दिसतं आणि पान सरकवावं लागत नाही.

तिरक्या मापाची ही मेख स्टीव्ह जॉब्झ यांनी ऑक्टोबर 2010 मध्येच सांगितली होती. सात इंची स्क्रीन आयपॅडच्या तुलनेत सत्तर टक्के वाटते, प्रत्यक्षात क्षेत्रफळ जेमतेम 45 टक्के भरतं, असं त्यांचं गणित होतं. असे टॅब विकायचे तर बोटं घासून बारीक करायला सोबत सँडपेपर द्या, हा टोमणाही त्यांचाच. गणित बरोबर निघालं, भाकीत साफ चुकलं: दोन वर्षांत ॲपलनेच 7.9 इंची ‘आयपॅड मिनी’ बाजारात आणला.

नागपूरच्या ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब वाटले, फोन नव्हे, हे सरकारी खरेदीच्या मानाने शहाणपणाचंच म्हणायला हवं. पण टॅब स्वस्त म्हणून कोणताही उचलू नये. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी गाजावाजा करून आणलेला ‘आकाश’ही सात इंचीच होता. रॅम 256 एमबी आणि बोट दाबल्याशिवाय दाद न देणारी स्क्रीन. पुढे तो बारगळलाच.

टॅबची दुखरी नस वेगळीच आहे: आपल्याकडे माणसाची ओळख सिमकार्डाला बांधलेली आहे. यूपीआय सुरू करायचं तर त्याच यंत्रातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. ओटीपी येतो तोही फोनवर. आयपॅड 2010 चा, पण त्यासाठीचं व्हॉट्सॲप उगवलं थेट मे 2025 मध्ये. त्यामुळे फोनऐवजी टॅब हा पर्यायच नाही. पर्याय आहे तो दीड लाखाच्या फोनऐवजी वीस-पंचवीस हजारांचा फोन आणि जोडीला टॅब, हा. प्रो मॅक्सची भारतातली सुरुवातीची किंमत 1,49,900 रुपये होती, तर 2025 चा साधा आयपॅड 34,900 रुपयांना आला. दोन्ही यंत्रं घेऊनही अर्ध्याहून जास्त पैसे शिल्लक राहतात. अर्थात, ज्याला उत्तम कॅमेरा हवा आहे किंवा ज्याचा दिवस लोकलमध्ये उभ्याने जातो, त्याने हा हिशेब खुशाल बाजूला ठेवावा. टॅब धरायला दोन हात लागतात आणि गर्दीत एक हात कडीलाच असतो.

दुकानदार मग सिमवाला टॅब पुढे करतो. त्याच आयपॅडच्या सिमवाल्या आवृत्तीला 15 हजार जास्त पडतात आणि एवढं देऊनही त्या सिमवरून ना साधा फोन लागत, ना एसएमएस जात. इंटरनेटच हवं असेल तर ते खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करूनही मिळतं, आणि फोनचं सिम तर हाताशी आहेच.