हात फुटतात? चरबीऐवजी कोकमतेल वापरून बघा

चाकण-भोसरीच्या मशीन शॉपमध्ये कूलंट आणि डिग्रीझर त्वचेचं नैसर्गिक तेल धुऊन नेतात. त्यात थंडी पडली की हात हमखास फुटतात. सध्या त्यावर परदेशातल्या ‘बीफ टॅलो’ क्रीमची, म्हणजे कढवलेल्या गोचरबीची, रील्समधून खूप चर्चा आहे.

टॅलोमध्ये मुख्यतः ओलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं असतात. त्यांचा थर त्वचेतला ओलावा उडू देत नाही. पण महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. शिवाय अनेकांना प्राणिजन्य चरबी नकोच असते. साबणावर ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलं असेल, तर तो चरबीचा आहे.

आपल्याकडचा उत्तम पर्याय म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. कोकणात त्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात आणि पायांच्या भेगांना ते पूर्वापार लावतात. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं. ते साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून पुण्याच्या थंडीत घट्टच राहतं.

कसं वापरायचं?
• एक भाग कोकमतेल आणि दोन भाग खोबरेल मंद आचेवर वितळवून डबीत भरा.
• शिफ्ट संपल्यावर सौम्य साबणाने हात धुवा आणि किंचित ओलसर असतानाच पातळ थर लावा.
• रबरी हातमोज्यांच्या आत लावू नका, तेलाने रबर खराब होतं.

खाज, पुरळ, पू किंवा खोल भेगा असतील, किंवा मधुमेह असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कोकणातल्या सहकाऱ्यांना विचारा, गावाहून अस्सल कोकमतेल नक्की मिळेल!