पहिली सायकल घेताना

ताई, गटाच्या अंतर्गत कर्जातून कामाला जायला सायकल घेताय ना? मग नुसता रंग बघू नका, आधी बसून बघा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. नवीन शिकणारीला तोल सावरायला तेवढं लागतंच. बारीक टायरची, वाकड्या हँडलची रेसर डांबरी रस्त्यावर छान पळते, पण खडीवर घसरते.

साडी नेसत असाल तर मधला आडवा दांडा नसलेली, पूर्ण चेनकव्हरची घ्या. मागच्या चाकाला जाळी बसवूनच घ्या. पदर चाकात गेला की बाई थेट रस्त्यावर! गिअरचा मोह सोडा, गावात दुरुस्त कोण करणार? त्या पैशात कॅरिअर, कुलूप, मागचा लाल रिफ्लेक्टर येईल. एकेक ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर ब्रेक आवळून घ्या, मगच पैसे द्या.