विशीतला आजार आणि ब्रिटनची कात्री

ब्रिटनच्या 2012च्या कल्याण सुधारणा कायद्याची चर्चा बहुधा एकूण खर्चाभोवतीच फिरते. पण त्याची खरी परीक्षा गंभीर आजारी तरुणांपाशी होते. ज्याची कमाई सुरूच झालेली नाही, त्याच्यासाठी जुन्या व्यवस्थेत एक सोय होती: विशीच्या आतच आजारपणाने काम अशक्य झाले, तर राष्ट्रीय विम्याचे हप्ते न भरताही त्याला हप्ते भरणाऱ्यांसारखा भत्ता मिळे. मे 2012पासून नव्या अर्जदारांसाठी ती बंद झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने जानेवारीत तिच्या बाजूने कौल दिला होता, तो कॉमन्सने फिरवला. गरजूंसाठी उत्पन्नावर आधारित भत्ता आहेच, असे सरकारचे म्हणणे. होता खरा; पण जोडीदार आठवड्याला 24 तास नोकरी करत असला किंवा शिल्लक 16,000 पौंडांवर गेली, की हाती शून्य! अशा तरुणाला मग स्वतःचा म्हणून एक पौंडही नाही, सगळी भिस्त जोडीदाराच्या पगारावर.

2013मध्ये 16 वर्षांवरील नव्या अर्जदारांसाठी अपंगत्वाचा जुना भत्ता जाऊन ‘पिप’ (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) हा नवा भत्ता आला. मरणासन्न रुग्ण वगळता इतरांना त्रास सुरू होऊन तीन महिने झालेले असावे लागतात आणि तो पुढे नऊ महिने टिकेल असे दिसावे लागते. आजारपण हळूहळू वाढत असेल तर हे चालते. कॅन्सरचे निदान झालेल्या मुलाला मात्र त्याच आठवड्यात दूरच्या केंद्रात केमोथेरपीसाठी न्यावे लागते. प्रवास, राहणे, आईबापांची बुडालेली रोजी, सगळे पहिल्या दिवसापासून. वर अंमलबजावणीचा गोंधळ. फेब्रुवारी 2014मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवले की मरणासन्न रुग्णांच्या अर्जांनाही अपेक्षित 10 दिवसांऐवजी सरासरी 28 दिवस लागत होते.

आजारी तरुणांना भत्ता द्यावा या म्हणण्याला एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शिक्षण, प्रशिक्षण वा नोकरी यांपैकी कशातच नसलेले तरुण दहा लाखांच्या घरात गेले आहेत. भत्त्यामुळे ते कायमचे कामाबाहेर राहतील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच मार्च 2025च्या सरकारी हरितपत्रिकेत, उत्पन्नावर आधारित भत्त्यांच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमधली आजारपणाची जादा रक्कम 22 वर्षांखालच्यांना देऊ नये आणि तो पैसा प्रशिक्षणावर वळवावा, असा विचार मांडला गेला. पण सलाईन लावलेल्या मुलीची रक्कम कापून ती प्रशिक्षणवर्गाला जाणार आहे का? शिवाय 25च्या आतल्यांना मूळ रक्कम आधीच कमी: 2025-26मध्ये एकट्याला महिना सुमारे 317 पौंड, 25 वर्षांवरील व्यक्तीला 400. त्यात आजारी-निरोगी असा भेद नाही.

22 वर्षांची अट त्यानंतर झालेल्या 2025च्या कायद्यात आली नाही. आली ती दुसरी कात्री: एप्रिल 2026पासून नव्या अर्जदारांना आजारपणापोटी आठवड्याला सुमारे 97 पौंडांऐवजी 50. जुना दर उरला तो मरणासन्नांना आणि ज्यांचा गंभीर आजार जन्मभर हटणार नाही अशांना. एकोणीस वर्षांच्या ज्या कॅन्सररुग्णाला उपचारांनी बरे होण्याची आशा आहे, त्याला नव्या अर्जावर कमी दरच मिळणार.