धुराच्या बिअरचं गाव

ऑनसाइटला जर्मनीत आहात? प्रोजेक्ट न्यूर्नबर्ग, एर्लांगेन नाहीतर म्युनिकला? मग या शनिवारीही इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता शोधत फिरण्याआधी जरा थांबा. न्यूर्नबर्गच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर बाम्बर्ग नावाचं टुमदार गाव आहे. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास आणि स्वतःची बिअर गाळणाऱ्या ब्रुअरीज दहाच्या घरात! नदीच्या मधोमध, पुलावर उभं असलेलं जुनं टाऊन हॉल, डोंगरावरचं कॅथेड्रल असा सगळा थाट आहे. 1993 पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. पण आपण चाललोय बिअरसाठी, तेव्हा फोटो पटापट काढून घ्या.

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला सगळेच जाऊन येतात. तिथल्या तंबूंमध्ये म्युनिकच्या सहा मोठ्या ब्रुअरीजचीच बिअर मिळते. बाम्बर्गची गंमत याच्या बरोबर उलटी. इथली बिअर बनते त्याच गल्लीत, फार तर पलीकडच्या टेकडीवर, आणि बरीचशी तिथेच संपते.

सगळ्यात नावाजलेली म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर. कॅथेड्रलच्या पायथ्याशी श्लेंकर्ला नावाचा जुना पब आहे. या जागेचा उल्लेख थेट 1405 सालापासून सापडतो. आत काळपट लाकडाचं छत, लांब बाकं आणि लाकडी पिंपातून काढलेली जवळजवळ काळी बिअर. पहिला घोट घेतलात की तुम्ही हमखास म्हणणार, ‘अरे, यात कुणी भाजलेलं हॅम बुडवलंय का?’ नाकात धूर, जिभेवर धूर. हुरडा पार्टीला शेकोटीच्या चुकीच्या बाजूला बसल्यासारखं!

हा धूर बाहेरून टाकलेला इसेन्स नाही बरं का. बिअरसाठी बार्ली भिजवून, मोड आणून मग वाळवावी लागते. पूर्वी ती सर्रास लाकडाच्या आगीवर वाळवायचे, त्यामुळे बऱ्याच बिअरला धुराचा वास असायचाच. पुढे धूर न लागता नुसत्या गरम हवेवर वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. बाम्बर्गच्या दोन घरांनी मात्र आपली जुनी भट्टी सोडली नाही. एक श्लेंकर्ला आणि दुसरं 1536 पासूनचं श्पेत्सियाल. दोघंही आजही बीचच्या लाकडाच्या धुरावर स्वतःची बार्ली वाळवतात. आपण भरताला धुंगार देतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे तो बिअर बनण्याआधी दाण्यालाच दिलेला असतो.

आता मुद्द्याचं. बाम्बर्गला येणारी पोरं एका दिवसात आठ ब्रुअरीज ‘करतात’. प्रत्येक ठिकाणी अर्धा लिटर म्हणजे हिशेब करा, चार लिटर! चौथ्या पबनंतर चव कळत नाही आणि सहाव्यानंतर पबचं नावही. टेस्टिंग ट्रेची तर फारशी अपेक्षाच ठेवू नका. इथलं माप अर्ध्या लिटरचं, त्याला लाडाने सायडला म्हणतात. राउखबिअरबद्दल स्थानिक मंडळी सांगतात की पहिला ग्लास विचित्र लागतो, दुसरा बरा आणि तिसऱ्याला खरी मजा येते. खरंच आहे ते. धुराची नाकाला सवय झाली की खालचा माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा वर यायला लागतो. पहिला ग्लास अर्धवट टाकून ‘सो ओव्हररेटेड’ म्हणत बाहेर पडणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही. तेव्हा दिवसाला दोन, फार तर तीन जागा. बास!

माझा क्रम सांगू? स्टेशनवरून चालत आधी श्पेत्सियाल. तिथला धूर हलका आहे, नवख्यांना झेपणारा. समोरच फेस्ला, तिथली बिअर बिनधुराची, म्हणजे तुलना लगेच करता येते. दुपारी मस्त पोटभर जेवा आणि मग संध्याकाळ पूर्ण श्लेंकर्लाला द्या. दुसरा दिवस हाताशी असेल तर मार्स ब्रॉय. तिथे वेटरला नुसतं ‘आ ऊ’ म्हणायचं! ऊ म्हणजे उनगेश्पुंडेट. पिंपाला बूच न लावता मुरवलेली, कमी फेसाळ आणि पोटाला हलकी.

उन्हाळ्यात इकडचे लोक ‘केलरवर’ जातात. तळघरात नाही, तळघरावर. बिअर थंड राहावी म्हणून टेकडी पोखरून तळघरं केली आणि त्यांच्या डोक्यावर झाडांखाली बाकं मांडली. 1812 मध्ये बव्हेरियाच्या राजाने ब्रुअरीवाल्यांना तिथे बिअर विकू दिली, पण पावाशिवाय दुसरं खाणं विकायला बंदी घातली. मग लोक घरून डबा न्यायला लागले आणि ती पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून टिकून आहे. आधी विचारून घ्या आणि मग खुशाल थेपले काढा. शेजारच्या बाकावरचे काका मुळा चिरत बसलेले असतात, ते काही बोलणार नाहीत.

हे सगळं किती दिवस राहील? जर्मनीत बिअरचा खप वर्षानुवर्षं घसरतोय आणि छोट्या ब्रुअरीजना ते चांगलंच जाणवतं. बाटल्या सुपरमार्केटमध्ये जातात, पण या घरांचा जीव त्यांच्या पबमध्ये आहे. बाकावर कुणी बसायला आलं नाही, तर सकाळी धूर करून बार्ली वाळवण्याची उठाठेव कोण करणार? पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली तेव्हा तिथला ब्रूमास्टर जर्मन होता. म्हणजे आपल्याकडच्या ताज्या बिअरचा एक धागा या देशाशी जोडलेला आहेच.

जाताना गाडी भाड्याने घेऊ नका. पोलिस कडक आहेत आणि तिथली मर्यादा आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते. बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंतचा ग्रुप लोकल गाड्यांनी दिवसभर फिरू शकतो. शनिवार-रविवारी तर सकाळी नऊची अटही नाही. खिशात रोख युरो ठेवा. भरलेल्या टेबलावर जागा दिसली तर विचारून सरळ बसा. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासकडे नाही. आणि ऑक्टोबरात जात असाल तर श्लेंकर्लाची उरबॉक आलीये का, ते पहिल्यांदा विचारा. नेहमीच्या मेर्त्सेनपेक्षा ती बरीच कडक असते, तेव्हा ती शेवटी घ्या आणि परतीची ट्रेन आधीच बघून ठेवा.