एका मोठ्या संख्येचा निकाल

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांवांचून कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं, ती मूळसंख्या होय. १६४० सालीं फ्रान्समधील गणिती फर्मा यानें एक ओळ मांडली: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. दोहोंच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या व सोळाव्या घातांत १ मिळविला कीं ह्या संख्या येतात. पांचहि मूळसंख्या आहेत. तेव्हां पुढील सर्व तशाच असाव्यात, असें त्यानें मानिलें.

सहावी संख्या बत्तिसाव्या घाताची, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. एकेक भाजक घेत बसावें तर श्रम फार. परंतु ऑयलरनें सिद्ध केलें कीं, हिच्या कोणत्याहि अवयवास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरते. अशा मूळसंख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनीं भाग जात नाहीं. ६४१ नें निःशेष जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. १७३२ सालीं ऑयलरनें हा भाजक दाखविला आणि फर्माचें अनुमान ढासळलें.

सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सर्व संख्या आतां विभाज्य ठरल्या आहेत. पांच उदाहरणें जुळलीं म्हणून नियम सिद्ध होत नाहीं. मोडावयास मात्र एक पुरतें. श्रोत्यांनीं हा गुणाकार पाटीवर अवश्य ताडून पाहावा.